सात मिनिटांचा अंधार आणि एक तार

गेल्या वर्षी, २०२५ सालच्या दिवाळीच्या तोंडावर, कुडाळजवळच्या एका गावातून फोन आला. "मी तात्यांचो झील बोलतंय," पलीकडचा आवाज म्हणाला. ओळख पटायला क्षणभर लागला. तात्या म्हणजे त्या गावातले दशावतारी नट. त्यांना जाऊन सोळा वर्षे झाली. मुलगा आता वडिलांच्याच भूमिका करतो, हे मला त्या दिवशी कळले. फार प्रस्तावना न करता त्याने विचारले, "काका, तुमी तेव्हा सगळी रात शूट केल्ली. ती आसा मां तुमच्याकडे? काळोखासकट?"

मी "आहे" म्हणालो. ते खोटे नव्हते. पण पुरते खरेही नव्हते. ती रात्र माझ्याकडे होती खरी, पण पुण्याच्या घरातल्या माळ्यावर, ॲल्युमिनियमच्या एका डब्यात बंद होऊन. डबा जाडजूड शब्दकोशाएवढा आणि विटेसारखा जड. त्याच्या पाठीला दोन एकसारख्या खोबणी होत्या, आणि त्या खोबणीत जाणारी तार माझ्या घरातल्या एकाही चालू यंत्राला लागत नव्हती. भाच्याने डबा उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "मामा, हे लावायचं कशाला?"

चित्रीकरणाच्या संपादनासाठी बाहेरची हार्ड डिस्क घ्यायची असेल तर ती संगणकाला कोणत्या जोडणीने जोडावी, हा तसा दुकानाच्या काउंटरवर पाच मिनिटांत सुटणारा प्रश्न. मी तो २००६ साली सोडवला होता, आणि त्या वेळी स्वतःवर खूशही झालो होतो. उत्तर चुकले होते, हे कळायला एकोणीस वर्षे जावी लागली.

त्या रात्रीबद्दल आधी सांगायला हवे. दक्षिण कोकणातला दशावतार ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की त्याला लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेले असते, पात्रे ठरलेली असतात, पण संवाद नट जागच्या जागी रचतात. रंगमंचावर सामान काय, तर एक बाकडे. तेच सिंहासन, तेच अरण्यातली शिळा, तेच अंतःपुर. बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. गणपती, सरस्वती, संकासुर होऊन मुख्य आख्यान सुरू होईपर्यंत मध्यरात्र उलटते, आणि दहीकाल्याला उजाडते. म्हणजे जे घडते ते एकदाच घडते. त्याच नटसंचाने तेच आख्यान दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात केले तरी शब्द वेगळे असतात. छापील नाटकाचे चित्रीकरण हरवले तर निदान पुस्तक उरते. इथे तेही उरत नाही.

२००६ सालच्या फेब्रुवारीतल्या एका जत्रेत मी उसन्या मिनी-डीव्ही कॅमेऱ्यावर साठ-साठ मिनिटांच्या सात फिती भरल्या. पाचवी फीत चालू असताना जनित्र बंद पडले. गावात भारनियमन होते, त्यामुळे वीज नव्हतीच. मंडप काळाठिक्कर झाला. कॅमेरा बॅटरीवर होता; मी तो बंद केला नाही, त्याचे श्रेय मला नको, कारण अंधारात मला बटणच सापडले नाही. त्या वेळी तात्या राजाच्या वेषात बाकड्यावर बसले होते.

पुढचा प्रश्न संपादनाचा होता. माझ्या लॅपटॉपची डिस्क साठ गिगाबाइटची. डीव्ही पद्धतीचे चित्रीकरण सेकंदाला सुमारे ३.६ मेगाबाइट जागा खाते. तासाला साधारण तेरा गिगाबाइट. सात फितींचे नव्वदच्या वर होतात. बाहेरची डिस्क घेणे भाग होते. दुकानदाराने तीन डबे काउंटरवर मांडले. आत डिस्क तीच, १६० गिगाबाइटची. फरक डब्याच्या पाठीवरच्या खोबणींचा. पहिल्याला फक्त यूएसबी २.०, दुसऱ्याला फक्त फायरवायर, तिसऱ्याला दोन्ही. तिसरा अर्थातच थोडा महाग.

दुकानदाराचे म्हणणे सरळ होते. "साहेब, यूएसबी चारशे ऐंशी मेगाबिट, फायरवायर चारशे. शिवाय यूएसबी स्वस्त. विचार कसला करताय?" पण मी एका संपादक मित्राकडून शिकून गेलो होतो. हा मित्र त्या काळी लहानशा स्टुडिओत माहितीपटांचे काम करी, आणि यूएसबीचे नाव काढले की चेहरा आंबट करी. त्याचे म्हणणे असे की डब्यावरचा आकडा आणि प्रत्यक्षातला वेग यांत अंतर असते, आणि हे अंतर यूएसबीत जास्त आहे. हे खरेच होते. यूएसबी २.० वरून डिस्क सेकंदाला तीस-पस्तीस मेगाबाइट देई. फायरवायर ४०० वरून पस्तीस ते चाळीस. चारशे ऐंशी हे चारशेच्या मागे पडत होते.

याचे कारण दोन्ही जोडण्यांच्या स्वभावात आहे. यूएसबीचा कारभार सरकारी कचेरीसारखा. साहेब, म्हणजे संगणक, एकेका उपकरणाला विचारणार, "तुझ्याकडे काही आहे का?", आणि विचारल्याशिवाय उपकरणाने तोंड उघडायचे नाही. या विचारपुशीत वेळ जातो आणि संगणकाच्या प्रोसेसरलाही राबावे लागते. माऊस आणि कळफलक यांच्यासाठी जन्मलेल्या जोडणीला ही शिस्त शोभून दिसते. फायरवायरमध्ये सगळी उपकरणे एका पंगतीला बसणारी. कोणीही कोणाशी बोलू शकते, संगणकाच्या स्मृतीत थेट लिहू शकते, आणि चित्र-ध्वनीच्या अखंड प्रवाहासाठी वेळेचा ठरावीक वाटा राखून ठेवता येतो. १९९५ साली 'आयईईई १३९४' या क्रमांकाने प्रमाण ठरलेली ही जोडणी डीव्ही कॅमेऱ्यांनी उचलली ती याच कारणाने. २००१ साली ॲपलला फायरवायरसाठी एमी पुरस्कारांतला अभियांत्रिकीचा सन्मानही मिळाला होता. तारेला पारितोषिक मिळाल्याची उदाहरणे फारशी नसावीत.

एवढे ज्ञान गाठीशी बांधून मी दुकानात उभा होतो. आणि ज्ञानाबरोबर येणारा एक सूक्ष्म अहंकारही होता. यूएसबी सर्वांची, फायरवायर जाणकारांची. 'दोन्ही'वाला डबा घेणे मला कच्चेपणाचे वाटले, जणू आपलाच आपल्या निवडीवर विश्वास नाही. काहीशे रुपये वाचवण्याचा मुद्दा मी स्वतःला पटवून दिला आणि फक्त फायरवायरचा डबा घेऊन घरी आलो.

गणित मात्र त्याच वेळी मांडायला हवे होते. गरज होती सेकंदाला ३.६ मेगाबाइटची. यूएसबी देत होती तीस, फायरवायर देत होती चाळीस. दोन्ही जोडण्या गरजेच्या आठ-दहापट वेगवान होत्या. ज्या शर्यतीचा निकाल मला लागू नव्हता तिच्यात मी पैज लावून आलो होतो.

घरी आल्यावर दोन धडे मिळाले. पहिला, डिस्क दुकानातून फॅट-३२ या पद्धतीने आखून आली होती, आणि त्या आखणीत एक फाइल चार गिगाबाइटच्या पुढे जाऊ शकत नाही. पहिलीच फीत एकोणीस-वीस मिनिटांवर अडली. डिस्क एनटीएफएस पद्धतीने पुन्हा आखावी लागली. दुसरा धडा अधिक बोचरा. लॅपटॉपला फायरवायरची खोबण एकच, चार पिनांची. कॅमेरा डिस्कला आणि डिस्क लॅपटॉपला, अशी साखळी करावी लागली. चित्र त्याच तारेने येणार आणि त्याच तारेने परत डिस्कवर जाणार. मधूनच चौकटी गळू लागल्या. मित्र म्हणाला, "एकाच रस्त्यावरून दोघांना कशाला पाठवतोस? फीत आधी लॅपटॉपवर उतरव, मग डिस्कवर हलव." तसे केल्यावर काम सुरळीत झाले. पण याचा अर्थ मला तेव्हा लक्षात घ्यायचा नव्हता. कॅमेरा फायरवायरवर आणि डिस्क यूएसबीवर ठेवली असती तर दोघांना स्वतंत्र वाटा मिळाल्या असत्या. म्हणजे दुकानदाराचा सल्ला, त्याची कारणे चुकीची असली तरी, माझ्या कामापुरता बरोबर होता.

याच सुमारास मी आणखी एक गोष्ट केली. ती लिहिताना आजही संकोच वाटतो. फिती महाग होत्या, आणि चित्रीकरण तर डिस्कवर सुखरूप उतरले होते. एका नातेवाइकाच्या लग्नात मी त्याच सात फितींवर पुन्हा चित्रीकरण केले. त्या संध्याकाळपासून ती रात्र जगात एकाच ठिकाणी उरली, त्या डब्यात.

चाळीस मिनिटांचा माहितीपट तयार झाला. त्याची डीव्हीडी घेऊन पावसाळ्याच्या आधी मी गावी गेलो. तात्यांनी ओटीवर बसून, मांडीवर नातवाला घेऊन, तो पाहिला. मध्ये एकदाच म्हणाले, "आवाज माझो, पण ह्यो माणूस कोण?" सगळे हसले. संपल्यावर थोडा वेळ ते गप्प होते. मग विचारले, "काळोख खंय गेलो?"

मी समजावले. म्हणालो, "तात्या, ती सात मिनिटं पडद्यावर काहीच दिसत नाही. लोक उठून जातील."

तात्या म्हणाले, "त्या राती कोण उठून गेलो?"

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी ते विनोदावारी नेले. २००९ साली तात्या गेले. मुलगा त्या वेळी मुंबईत नोकरीला होता. तो गावी परतला आणि कंपनीत उभा राहू लागला तेव्हा त्याला वडिलांचे तोंडावळे, हातवारे आठवत होते. रचलेले बोल आठवत नव्हते. ते आठवण्यासारखे नसतातच, कारण ते पुन्हा म्हणण्यासाठी रचलेले नसतात. माझ्या माहितीपटात तात्या दिसतात, पण फार बोलत नाहीत. मी दृश्याच्या मोहाने कापलेला माहितीपट तो. बोलणे लांबते म्हणून गाळले होते, आणि अंधार तर समूळच.

दरम्यान फायरवायरचे काय झाले, ते थोडक्यात सांगतो. २००३ सालापासून मॅकवर दिसू लागलेली दुप्पट वेगाची फायरवायर ८०० ही तिची खरी शेवटची भरारी. २००८ साली ॲपलने आपल्या साध्या मॅकबुकमधून फायरवायर काढली तेव्हा संपादकांनी बरीच ओरड केली. पुढच्या वर्षी ती तेवढ्यापुरती परत आली. पण २००८ सालीच यूएसबी ३.० चे प्रमाण जाहीर झाले होते, पाच गिगाबिटचे. २०११ साली थंडरबोल्ट आली, दहा गिगाबिटची. २०१२ सालच्या रेटिना मॅकबुक प्रोला फायरवायरची खोबण नव्हती. वेगळा जोड विकत घ्यावा लागे. पुढे थंडरबोल्टचीही खोबण बदलली, तेव्हा जोडाला जोड लावून जुनी डिस्क वाचण्याची कसरत लोक करू लागले. २०२५ सालच्या मॅकओएस ताहोमधून फायरवायरचा आधारच काढला गेला. म्हणजे जोडांची साखळी जमवली तरी पलीकडे ओळख देणारे कोणी उरले नाही.

सरस जोडणी हरली आणि सामान्य जोडणी टिकली, हे मला बरेच दिवस अन्यायाचे वाटत असे. आता वाटत नाही. यूएसबी टिकली कारण ती प्रत्येक माऊसला, छापयंत्राला आणि पेनड्राइव्हला हवी होती. कोट्यवधी घरांत ज्या तारा आहेत त्यांना वाऱ्यावर सोडणे कोणालाही परवडत नाही. म्हणून २००६ सालची यूएसबीची डिस्क आजच्या संगणकाला, फार तर एक छोटा जोड लावून, निमूटपणे उघडते. फायरवायरला परवान्याचे शुल्क होते, तिचे गिऱ्हाईक थोडे आणि दर्दी होते. दर्दींची संख्या थोडी असते, आणि दर्दी नव्या गोष्टीकडे सर्वांत आधी वळतात. मीसुद्धा वळलोच होतो.

फोननंतरच्या आठवड्यात मी जुने लॅपटॉप शोधत ओळखीच्यांना विचारत फिरलो. एकाकडे फायरवायरवाला होता, पण तो सुरू होईना. शेवटी त्या संपादक मित्रालाच फोन केला. तो आता या व्यवसायात नाही. सगळे ऐकून घेऊन म्हणाला, "अरे, डबा म्हणजे डिस्क नव्हे. उघड तो."

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, याची लाज वाटली. बाहेरची डिस्क म्हणजे आत नेहमीचीच संगणकातली डिस्क, आणि तिच्या व बाहेरच्या तारेच्या मध्ये भाषांतर करणारी एक चिप. फायरवायर ही त्या दुभाष्याची भाषा, डिस्कची नव्हे. चार स्क्रू काढल्यावर आत चाळीस पिनांची, आयडीई जातीची डिस्क निघाली. तीही जोडणी अस्तंगतच, पण तिच्यासाठी यूएसबीचा जोड आजही मिळतो, वीज पुरवणाऱ्या वेगळ्या अडॅप्टरसह. तो मागवला. म्हणजे ज्या यूएसबीला मी काउंटरवर नाक मुरडले होते तिच्याच दारातून मला अखेर आत जावे लागले.

डिस्क पहिल्यांदा फिरली तेव्हा तिने रहाटासारखा आवाज केला. अनेक वर्षे पडून असलेली डिस्क सुरू झाली म्हणजे सुटलो असे समजू नये. ती कोणत्याही क्षणी थांबू शकते. अशा वेळी फायली उघडून पाहण्याचा मोह टाळावा आणि आधी संपूर्ण डिस्कची नक्कल काढावी. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाची एक प्रणाली आहे. ती आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडलेल्या जागा नोंदून पुढे जाते, आणि मग त्या जागांकडे पुन्हा पुन्हा परतते. शहाण्या माणसाने कठीण ग्रंथ वाचावा तशी. निरोगी डिस्क तासा-दोन तासांत उतरली असती. हिला दोन रात्री लागल्या. काही मेगाबाइट काही केल्या वाचता आले नाहीत.

ते नेमके कुठले, हे पाहण्याचा क्षण फार वाईट होता. पण डीव्ही पद्धतीचा एक जुनाट गुण इथे कामी आला. तिच्यात प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे साठवलेली असते. आजच्या पद्धतींसारखी ती मागच्या-पुढच्या चौकटीच्या आधाराने उभी नसते. त्यामुळे नुकसान पसरत नाही. सहाव्या फितीच्या मध्यावर काही चौकटींत रंगीत चौकोन दिसतात, आणि पुन्हा चित्र स्वच्छ होते. पाचवी फीत अखंड होती.

त्याच पद्धतीची दुसरी एक गंमत मला तेव्हा प्रथमच जाणवली. डीव्हीमध्ये प्रत्येक चौकटीला जागा सारखीच मिळते, ती जत्रेच्या झगमगाटाची असो वा निव्वळ काळोखाची. माझ्या डिस्कवर त्या सात मिनिटांच्या अंधाराने दीड गिगाबाइट जागा अडवली होती. एकोणीस वर्षे.

मी तो पहिल्यांदा नीट ऐकला. जनित्र बंद पडल्यावर मंडपात गलका होतो. लहान मुले ओरडतात. पायपेटी थांबत नाही. मग तात्यांचा राजा प्रधानाला विचारतो की आमच्या राज्यात हा अंधार कोणी मांडला. प्रधान म्हणतो, महाराज, तेलावरचा कर. हशा होतो. आणि मग तात्या, कोणी मागितले नसताना, दिसत नसलेल्या राजवाड्याचे वर्णन करू लागतात. कुठे कोणती समई आहे, तिच्या किती वाती, तिच्या उजेडात कोणता खांब दिसतो, खांबावर काय कोरले आहे, खांबामागे कोण उभे आहे. एकेक दिवा ते बोलून लावत जातात. गलका हळूहळू विरतो. सात मिनिटांनी कोणीतरी पेट्रोमॅक्स आणतो, आणि चित्रात पहिल्यांदा बाकड्याची कड दिसते तेव्हा प्रेक्षक किंचित हिरमुसल्यासारखे वाटतात. हे सारे मी 'काही दिसत नाही' म्हणून कापले होते.

या खटपटीच्या दिवसांतच भाच्याला नवी डिस्क घ्यायची होती. तो लग्नांचे चित्रीकरण करतो आणि आता माहितीपटाकडे वळू पाहतो आहे. त्याला थंडरबोल्टची डिस्क हवी होती. "मामा, ती चाळीस गिगाबिट आहे, ही साधी यूएसबी दहा." वाक्य ऐकून मला एकदम त्या काउंटरवर उभे असल्यासारखे झाले. आम्ही कागद घेऊन बसलो.

तो फोर-के चित्रीकरण प्रोरेस ४२२ या पद्धतीत, सेकंदाला पंचवीस चौकटींनी संपादित करतो. त्याला सेकंदाला सुमारे ६१ मेगाबाइट लागतात. तीन कॅमेरे एकाच वेळी चालवले तर १८५. फिरत्या तबकडीची डिस्क आज दीडशे-दोनशे देते खरी, पण तिचे टोक तीन फायलींमध्ये उड्या मारू लागले की ती दमते. म्हणजे अडचण तारेची नाही, तबकडीची आहे. फिरती डिस्क थंडरबोल्टला जोडणे म्हणजे बैलगाडी द्रुतगती मार्गावर आणणे. एसएसडी घेतली तर दहा गिगाबिटची यूएसबी सेकंदाला हजार मेगाबाइटच्या आसपास देते, त्याच्या गरजेच्या पाचपट. थंडरबोल्टचा उपयोग नाही असे नाही. आठ-के किंवा कच्च्या स्वरूपातले चित्रीकरण अनेक पदरांत चालवणाऱ्याने ती जरूर घ्यावी. त्याचे काम ते नव्हते.

एक सावधगिरी मात्र आज अधिक घ्यावी लागते. पूर्वी खोबणीचा आकार पाहून जोडणी ओळखता येई. आता यूएसबी-सी या एकाच आकारात सगळे कोंबले आहे. त्याच आकाराची तार ४८० मेगाबिटची असू शकते, फोनबरोबर येणाऱ्या चार्जिंगच्या तारा बहुधा तशाच असतात, आणि तीच चाळीस वा ऐंशी गिगाबिटचीही असू शकते. त्यात नावांचा घोळ: २००८ सालची यूएसबी ३.० पुढे ३.१ जेन १ झाली आणि नंतर ३.२ जेन १. वेग तोच, पाच गिगाबिट. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत मोडीतले कागद आहेत. भाषा मराठीच, पण लिपी गेल्यामुळे आम्हांला मुकी. फायरवायरचे तसे झाले. यूएसबी-सीचे उलट आहे, ती देवनागरीसारखी. अक्षरे ओळखीची दिसली म्हणून मराठी वाचणाऱ्याला नेपाळी कळेलच असे नाही. म्हणून आकारावर न जाता तारेवरचा आणि डब्यावरचा आकडा वाचावा.

भाच्याने दहा गिगाबिटची यूएसबी एसएसडी घेतली. ती कामासाठी. शिवाय माझ्या आग्रहास्तव दोन साध्या, फिरत्या तबकडीच्या यूएसबी डिस्क. एक घरात, एक दुसऱ्या घरात. वेग कामाच्या दिवसांपुरता लागतो. काम संपल्यावर डिस्कला एकच विचारायचे असते: वीस वर्षांनी, आपण ज्याला ओळखतही नाही अशा कोणाला, हातात येईल त्या तारेने तू उघडशील का?

डिसेंबरात मी कुडाळला गेलो. बरोबर एक साधी यूएसबी डिस्क होती, सात फिती जशाच्या तशा, कुठल्याही संगणकावर उघडतील अशा आखणीत. आणि एका पेनड्राइव्हवर पाचव्या फितीची लहान केलेली प्रत. नव्या पद्धतीच्या त्या फायलीत अंधाराला जवळजवळ जागाच लागली नव्हती. तात्यांच्या मुलाने डिस्क कपाटात ठेवली आणि पेनड्राइव्ह हातात फिरवत विचारले, "ह्या फोनार दिसतला मां?"

मी एक छोटा जोड नेला होता. तो लावून दिला. तात्यांच्या ओटीवरचे बाकडे अजून तेच आहे. जनित्र बंद पडले, फोनचा पडदा काळा झाला, आणि त्याने थोडा वेळ त्या काळ्या पडद्याकडे पाहिले. मग फोन बाकड्यावर पालथा ठेवला आणि मान खाली घालून ऐकत बसला.